४०.२ तापमान वर्ग करण्याबाबत

२४ सप्टेंबर १९७१ हा दिवस सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता नांदवणच्या हवामान नोंद कार्यालयात आला आणि आपल्या नावावरचं तापमान परत करायचं आहे, असं म्हणाला.

खिडकीवर रेवती उंबरकर होत्या. त्या तिथे निरीक्षक आहेत. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला आवारातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतली यंत्रं वाचायची आणि आकडे रजिस्टरात लिहायचे, हे त्यांचं काम. मधल्या वेळात त्या आवक-जावकही बघतात, कारण ते पद सहा वर्षं रिकामं आहे.

जुने दिवस कार्यालयात येतच नाहीत असं नाही. १९८३ मधला एक दिवस पावसाच्या नोंदीत टिंब चुकीच्या जागी पडल्याची तक्रार घेऊन आला होता, आणि ते टिंब त्याला हलवून मिळालं होतं. पण तापमान परत करायला आजवर कोणी आलेलं नव्हतं.

"कोणतं तापमान?" रेवतीबाईंनी विचारलं.

"कमाल," दिवस म्हणाला. "चाळीस पूर्णांक दोन."

रेवतीबाईंनी पेन खाली ठेवलं. हा आकडा नांदवणमध्ये सगळ्यांना पाठ आहे. आमच्या शहरातलं सप्टेंबर महिन्याचं ते आजवरचं सर्वोच्च तापमान. कार्यालयाच्या फाटकावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ते लिहिलेलं आहे. दरवर्षी चोवीस तारखेला स्थानिक पेपरात त्याची चौकट येते, आणि पितृपक्षाच्या सुमारास उकडायला लागलं की लोक म्हणतात, हे काहीच नाही, एकाहत्तर साली बघायला हवं होतं.

"परत करण्याचं कारण?"

"ते माझं नाही."

दिवस मध्यम उंचीचा होता आणि जरा ढगाळ. बोलणं हळू, पण नेमकं. खिडकीशी उभा होता तेवढ्या भागात दुपारी दोनच्या सुमारासचा, आभाळ आल्यावर असतो तसा प्रकाश पडला होता. रेवतीबाईंनी त्याला आत बोलावलं आणि बाकावर बसायला सांगितलं. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि तो सांगेल तसं लिहून घेतलं.

त्याचं म्हणणं असं. त्या वेळी या कार्यालयात नारायण पांढरीपांडे नावाचे निरीक्षक होते. मागच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. त्यांच्या शेजारी गयाबाई ढोबळे नावाची विशीतली बाई, तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी, घरात सासू आणि अकरा महिन्यांची मुलगी. त्या शुक्रवारी दुपारी मुलगी तापाने निपचित पडली. सासू म्हणाली, दात येताहेत, उतरेल. पांढरीपांडे जेवायला घरी आले होते. त्यांनी मुलीला हात लावला आणि उलट पावली कार्यालयात जाऊन पेटीतला कमाल तापमापक काढून आणला, कारण गल्लीत दुसरा तापमापक नव्हता. मुलीच्या काखेत धरला. चाळीस पूर्णांक दोन. पांढरीपांडे म्हणाले, हे बाहेरचं नाही, हिच्या अंगातलं आहे, ऊठ, दवाखान्यात चल. आकडा ऐकल्यावर सासूही गप्प झाली.

"मग?"

"मुलगी वाचली," दिवस म्हणाला. "पांढरीपांडे संध्याकाळी आणि रात्रभर दवाखान्यातच होते. जाता जाता त्यांनी तापमापक पेटीत ठेवला, पण तो झटकायचा राहिला. कमाल तापमापकातला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बदलीवरचे निरीक्षक आले. त्यांनी पारा पाहिला आणि माझ्या नावापुढे लिहून टाकला. त्यांचीही चूक नाही."

"आणि तुमचं स्वतःचं किती होतं?"

"ते मी सांगून चालेल का?"

चालणार नव्हतं, हे रेवतीबाईंना माहीत होतं. त्या कागद घेऊन कार्यालयप्रमुख बोबडे साहेबांकडे गेल्या.

बोबडे साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. ते नांदवणला अकरा वर्षं होते आणि फाटकावरची पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती. विभागीय बैठकीत किनाऱ्यावरची कार्यालयं वादळांबद्दल बोलत आणि घाटातली पावसाबद्दल. तेव्हा बोबडे साहेब हात वर करून सप्टेंबरच्या विक्रमाचा उल्लेख करत. बाकी नांदवणला सांगण्यासारखं काही घडत नाही.

"आपल्याकडे ही एकच तर गोष्ट आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि ती एका मुलीचा ताप आहे, असं हे म्हणताहेत."

"हो साहेब."

त्यांनी नियमपुस्तिका काढली. नियम सतरा स्पष्ट होता: एकदा नोंदलेलं तापमान रद्द करता येत नाही, मात्र ते दुसऱ्याचं असल्याचं सिद्ध झाल्यास त्या खऱ्या धारकाच्या लेखी संमतीने त्याच्या नावे वर्ग करता येतं. नियम अठरा असा की कोणत्याही दिवसाला तापमानाशिवाय ठेवता येत नाही. आणि महिनाअखेर सगळी जुनी रजिस्टरं संगणकावर चढवून कायमची बंद होणार होती. त्यानंतर एकही आकडा इकडचा तिकडे होणार नव्हता.

"म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत मुलगी शोधायची, तिची संमती घ्यायची आणि यांचा खरा आकडा पुराव्यानिशी आणायचा," बोबडे साहेब म्हणाले. "नाहीतर आहे ते राहील."

"राहिलं तर काय होईल?" रेवतीबाईंनी बाहेर येऊन दिवसाला विचारलं. त्यांना ते अर्जात लिहायचं नव्हतं, उत्तर त्यांना स्वतःलाच हवं होतं.

"मी चांगला दिवस होतो," तो म्हणाला. "नवरात्रातली पंचमी होती. दुपारनंतर आभाळ होतं, वारा होता. लोक दारात बसले होते. आता त्या लोकांना विचारून बघा."

रेवतीबाईंनी खरंच विचारून पाहिलं. शहरातल्या तीन वयस्कर माणसांना त्यांनी फोन केले. पहिले म्हणाले, भयंकर ऊन होतं, डांबर वितळलं होतं. दुसऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या दोन कोंबड्या मेल्या होत्या. तिसऱ्यांनी तर त्या दिवशी लग्न केलं होतं आणि घामाने सदरा भिजल्याचं ते सांगत होते. कोंबड्यांच्या बाबतीत रेवतीबाईंनी जरा खोलात जाऊन विचारलं, तेव्हा कोंबड्या मे महिन्यात मेल्याचं निघालं.

"पेपरात दरवर्षी येतं ना," दिवस म्हणाला. "आधी त्यांना मी आठवायचो. आता चौकट आठवते."

तो एवढंच बोलला. रेवतीबाईंनी स्कूटरची किल्ली घेतली.

गयाबाई ढोबळे सापडायला वेळ लागला नाही. त्या आता मुलीकडे, आझाद वॉर्डात राहत होत्या. रेवतीबाई दिवसाला स्कूटरवर मागे बसवून निघाल्या. सप्टेंबरअखेरचं ऊन होतं, रस्त्यावरचे लोक रुमाल बांधून चालले होते. पण मागे तो बसलेला असल्यामुळे रेवतीबाईंना आझाद वॉर्डापर्यंत ऊन लागलं नाही. चौकात सिग्नलला थांबल्यावर शेजारचा रिक्षावाला सरकून त्यांच्या जवळ आला आणि सिग्नल सुटला तरी थोडा वेळ तिथेच राहिला.

दार उघडंच होतं. गयाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. केस पांढरेशुभ्र, चष्मा दोरीने मानेत अडकवलेला. मुलगी सुलभा काळमेघ एसटीत कंडक्टर. तिची दुपारची ड्युटी होती म्हणून ती खाकी गणवेश इस्त्री करत होती. रेवतीबाई आपली ओळख सांगायला लागल्या, पण गयाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"पंचमी ना रे तू?" त्या दिवसाला म्हणाल्या.

"हो," दिवस म्हणाला.

"मले वाटलंच. दारात आला तसा उजेड ओळखू आला." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "बस बापा. सुलभे, पाणी आण त्याले."

सुलभाताईंनी पाणी आणलं. दिवसाने पेला हातात धरला, प्यायला नाही. रेवतीबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. अर्ज, नियम, शनिवारची मुदत. गयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग चष्मा काढून पदराला पुसला.

"मी बावन्न वर्षं हेच सांगून राहिली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गरम नव्हतं. चप्पल घालाचं भान नव्हतं मले. पोरगी छातीशी धरली आन् अनवाणी पयाली. क्वार्टरपासून सरकारी दवाखान्यापर्यंत सगळा डांबरी रस्ता. पांढरीपांडे भाऊ रिक्षा पाहाले पुढे गेले, भेटली नाही. फाटकापाशी आली अन् वर पाहिलं, तं उन्हावर ढग आलेला. रस्ता थंड होता. माहे पाय पोयले नाही. पाय पोयले असते तं मी मधात कुठंतरी बसली असती. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, अजून दहा मिनिटं लागली असती तं सांगता येत नव्हतं."

"आई हे दरवर्षी सांगते," सुलभाताई म्हणाल्या. "आणि दरवर्षी मी पेपर दाखवते तिला. आई, चाळीस होतं त्या दिवशी, घाईत तुला कळलं नसेल." त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "म्हणजे चाळीस माझंच होतं."

"ढग सव्वा वाजता आला होता," दिवस म्हणाला. "सव्वादोनपर्यंत होता. मी मुद्दाम काही केलं नाही, बाई. तो वाटेने चालला होता."

"तू कायले केलं ते मले नाही माहीत," गयाबाई म्हणाल्या. "होता ना? मंग झालं." आणि त्यांनी दिवसाला वाकून नमस्कार केला. तो एकदम उठून उभा राहिला. त्याला काय करावं ते कळेना. पेल्यातलं पाणी थोडं सांडलं, तेवढ्या जागी फरशी कितीतरी वेळ गार होती.

मुलगी सापडली, पण आकड्याचा प्रश्न तसाच होता. मंगळवारी सकाळी गयाबाईंचा जबाब वाचून बोबडे साहेबांनी तो टेबलावर ठेवला.

"पाय पोळले नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे किती अंश?"

"यंत्र लावून यांचंच मोजलं तर?" रेवतीबाईंनी बाहेर बाकाकडे बोट केलं.

"निघून गेलेला दिवस आजच्या तारखेत मोजता येत नाही. मोजला तरी ते आजचं तापमान धरलं जाईल." बोबडे साहेब नियमाला धरून बोलत होते, यात शंका नव्हती. मात्र सोमवारपासून कार्यालयातले सगळे डबे त्या बाकापाशी उघडले जात होते, आणि त्या सकाळी साहेबांची स्वतःची खुर्चीसुद्धा फायली चाळण्याच्या निमित्ताने बाकापासून चार फुटांवर आली होती.

रेवतीबाईंनी विचार केला. पायाला आकडा कळत नाही, पण फरक कळतो. आज डांबर कसं आहे आणि त्या दिवशी कसं होतं, हे गयाबाईंना सांगता येईल. मग ज्या दिवशी त्या म्हणतील हेच, त्या दिवशीचा पेटीतला आकडा घ्यायचा. त्यांनी तसा प्रस्ताव लिहिला. दोन यंत्रं एकमेकांशी ताडून बघायची पद्धत पुस्तिकेत आहेच. यंत्र म्हणजे काय, याची व्याख्या पुस्तिकेत नाही.

बोबडे साहेबांनी व्याख्या शोधली, सापडली नाही, आणि त्यांनी सही केली.

सुलभाताईंना हे मान्य नव्हतं. "बहात्तर वर्षांची बाई आहे ती," त्या म्हणाल्या. "भर दुपारी अनवाणी चालवायची?"

"तुले उचलून चालली होती ना," गयाबाई म्हणाल्या, "आता तं हात रिकामे आहेत." आणि त्यांनी चपला काढून लेकीच्या हातात दिल्या.

मंगळवारी पावणेदोन वाजता त्या फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर उतरल्या. हा तोच रस्ता, आता चारपदरी झालेला. चार पावलं चालून त्या परत आल्या. "नाही बापा. हे लई आहे." पेटीत चौतीस पूर्णांक आठ. बुधवारी नऊ पावलं झाली. तेहतीस पूर्णांक नऊ. सुलभाताईंनी तळव्यांना खोबरेल लावून दिलं आणि उद्या आणणार नाही असं सांगितलं.

त्याच बुधवारी संध्याकाळी रेवतीबाईंना रेकॉर्डच्या खोलीत एक जुनी फाईल मिळाली. तिच्यात १९७४ सालचं पांढरीपांड्यांचं पत्र होतं. तेव्हा त्यांची बदली दूर झाली होती, आणि पेपरातली चौकट त्यांना कोणीतरी पाठवली होती. पत्र चार ओळींचं होतं. सदर तापमान माझ्या शेजाऱ्यांच्या मुलीचे असून, तापमापक झटकण्याचे माझ्याकडून राहून गेले आहे. कृपया त्या दिवसावर अन्याय होऊ नये. मुलगी सुखरूप आहे. कळावे. त्यालाच लावलेलं वरिष्ठ कार्यालयाचं उत्तर एका ओळीचं होतं: नोंदलेले तापमान रद्द करता येत नाही.

रेवतीबाईंनी फाईल बोबडे साहेबांसमोर ठेवली. त्यांनी पत्र वाचलं, उत्तर वाचलं, परत पत्र वाचलं.

"वर्ग करता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"पांढरीपांडे पंचवीस वर्षांपूर्वी गेले, साहेब."

बोबडे साहेब उठले आणि बाहेर गेले. दिवस बाकावर बसला होता. साहेब त्याच्या शेजारी बसले. ते दोघं काय बोलले ते रेवतीबाईंना ऐकू आलं नाही, पण साहेबांनी त्याला पत्र वाचून दाखवलं असावं, कारण बऱ्याच वेळाने त्या दारापाशी आल्या तेव्हा दिवस म्हणत होता, "अन्याय हा शब्द जरा मोठा होतो. पण त्यांनी लिहिलं, हे बरं वाटलं."

गुरुवारी विसर्जनाची सुट्टी होती. यंत्रांना सुट्टी नसते म्हणून रेवतीबाई आल्या, आणि आणणार नाही म्हणणाऱ्या सुलभाताई आईला घेऊन आल्या. थोडं आभाळ होतं. गयाबाई चौदा पावलं चालल्या आणि मधेच थांबून त्यांनी टाचेने रस्ता दाबून पाहिला. "जवळ आलं," त्या म्हणाल्या. पेटीत एकतीस पूर्णांक सात. सुट्टी असूनही बोबडे साहेब आले होते आणि त्यांच्या हातात छत्री होती. छत्री धरली तर मोजमाप बिघडेल, असं रेवतीबाईंनी सांगितल्यावर त्यांनी ती मिटून काखेत धरली.

मोजायला आता एकच दुपार उरली होती. शुक्रवार स्वच्छ निघाला. दहा वाजता ऊन, अकराला ऊन, बारालाही ऊन. दिवस बाकावरून उठून सारखा खिडकीपाशी जात होता. रेवतीबाईंनी त्याला विचारलं की तो काही करू शकतो का. तो म्हणाला, दुसऱ्याच्या दिवशी हात घालणं बरं नाही.

एकच्या पुढे नदीच्या बाजूने वारा सुटला. दीडला आभाळ आलं. ते कोणी बोलावलं नव्हतं, वाटेने चाललं होतं. पावणेदोनला गयाबाई फाटकाबाहेर पडल्या.

वीस पावलं झाली. त्या थांबल्या नाहीत. तीस झाली. सुलभाताई चपला घेऊन मागे चालत होत्या. त्यांनी हाक मारली, तरी गयाबाई चालतच राहिल्या. पाठीमागून बघणाऱ्यांना त्यांचे दोन्ही हात छातीशी धरलेले दिसले. पार औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि तशाच परत आल्या. चेहरा ओला होता, आणि त्या हसत होत्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "असंच होतं ते."

रेवतीबाईंनी पेटी उघडली. एकोणतीस पूर्णांक सहा. बोबडे साहेबांनी येऊन स्वतः वाचलं. मग दोघांनी वळून दिवसाकडे पाहिलं. तो फाटकाच्या आत उभा होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मला नक्की माहीत होतं, पण दुसऱ्याकडून ऐकलं की वेगळं वाटतं."

राहिली संमती. बोबडे साहेबांनी नमुना बाहेर काढला. पूर्वीचा धारक: २४ सप्टेंबर १९७१. नवीन धारक: सौ. सुलभा काळमेघ. वर्ग करावयाचे तापमान: ४०.२. सुलभाताईंनी एसटीचा पास वाचावा तसा तो नीट वाचला.

"सही केल्यावर ताप येईल का?"

"नियमात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला विचार करायचा असेल तर उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी कोणी दोष देणार नाही."

"अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आहे," सुलभाताई म्हणाल्या. त्यांनी दिवसाकडे पाहिलं. तिकीट फाडताना कंडक्टर माणसाकडे बघतो तसं नाही. बराच वेळ पाहिलं. "मला यातलं काहीच आठवत नाही. अकरा महिन्यांची होते. ताप माझा होता आणि बावन्न वर्षं तुम्ही तो अंगावर काढलात. लोकांची बोलणी खाल्लीत."

"थंडीत बरं पडायचं," दिवस म्हणाला. "रजिस्टर एकच आहे. डिसेंबरचे दिवस मला टेकून बसायचे."

"आता काय करतील ते?"

"त्यांना मी समजावून सांगेन."

सुलभाताईंनी सही केली. बोबडे साहेबांनी शिक्का मारला. शिक्का उठला तशा सुलभाताई डोळे मिटून खुर्चीत मागे टेकल्या. कानशिलं लाल झाली. गयाबाई उठल्या आणि त्यांनी लेकीच्या कपाळावर तळहात ठेवला. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग गयाबाईंनी हात उलटा करून परत एकदा लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "उतरला."

सुलभाताईंनी डोळे उघडले. "भूक लागली," त्या म्हणाल्या. गयाबाईंना रडू आलं ते त्या वेळी. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पहिल्यांदा दूध प्यायली होती तेव्हाही आलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

बोबडे साहेबांनी आपला डबा उघडून सुलभाताईंसमोर ठेवला. पोळी आणि दोडक्याची भाजी होती. त्या जेवत असताना साहेबांनी लाल शाईने ४०.२ भोवती चौकोन केला, बाजूला वर्ग असं लिहिलं, आणि खाली निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, २९.६. मग त्यांनी रंगाऱ्याला फोन करून पाटी बदलायला सांगितली. नवा आकडा कोणता, असं रंगाऱ्याने विचारलं असावं. साहेब म्हणाले, "अडतीस पूर्णांक नऊ, सत्त्याऐंशी सालचं. तसं तेही काही कमी नाही." फोन ठेवल्यावर ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. जाताना गयाबाई त्यांच्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचं लई मोठं नुकसान झालं, पण माही बात खरी ठरली." साहेब उभे राहिले. विभागीय बैठकीत यापुढे सांगायला आपल्याकडे काहीतरी आहे, असं ते म्हणाले.

मायलेकी तापमान वर्ग केल्याचा दाखला घेऊन गेल्या. कार्यालय रिकामं झालं. रेवतीबाईंनी साडेपाचची नोंद घेतली आणि रजिस्टर बंद करायच्या आधी दिवसाला विचारलं, निघायचं का.

"थोडं थांबलं तर चालेल?" तो म्हणाला. "मी मावळताना आतून पाहिलंय. बाहेरून कसं दिसतं ते कधी बघायला मिळालं नाही."

त्या त्याला गच्चीवर घेऊन गेल्या. वारामापकाच्या खांबाशी दोघं उभे राहिले. आभाळ मोकळं झालं होतं आणि नदीच्या पलीकडे सूर्य उतरत होता. मिरवणुकीचा गुलाल अजून रस्त्याकडेला होता. दिवस कठड्याला हात टेकून बघत होता. एकदा फक्त, "हळू जातं की," एवढं म्हणाला.

सूर्य गेल्यावर जिन्यात पावलं वाजली. शुक्रवार होता, आजचा. वर काय आहे हे न कळता तो जिना चढून आला होता. वारा लागून थोडा विस्कटलेला, आणि घाबरलेला.

"कुठे जायचं असतं?" त्याने विचारलं.

"चल," २४ सप्टेंबर १९७१ म्हणाला. "मी त्याच बाजूला चाललोय."

शुक्रवार दोन पायऱ्या उतरून थांबला आणि रेवतीबाईंकडे वळला. "माझं लिहिलंत?"

"लिहिलं," रेवतीबाई म्हणाल्या. "एकोणतीस पूर्णांक सहा."

"आभारी आहे," तो म्हणाला.

"मीही," मोठा म्हणाला, आणि त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

ते मागच्या फाटकाने गेले. रेवतीबाईंनी खाली येऊन फाटकाला कडी घातली, स्कूटर काढली आणि घरी निघाल्या. रस्त्यावर, पुढे थोड्या अंतरावर, अजून दिसण्याइतका उजेड चालला होता, म्हणून वळणापर्यंत त्यांनी दिवा लावला नाही.